शीर्षकाचा उंबरठा

चित्रपटाची जाहिरात ही कलाकृतीबाहेरची, निव्वळ व्यापारी बाब मानण्याचा समीक्षेत प्रघात आहे. जेरार जेनेत यांनी मात्र १९८७ मध्ये शीर्षक, मुखपृष्ठ, प्रसिद्धी यांना संहितेचा उंबरठा मानले. अर्थनिर्णयाची दिशा तेथेच ठरू लागते. मुंबईच्या गुन्हेगारीपटांना हे विशेषत्वाने लागू पडते. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये 'अर्धसत्य' केला. दिलीप चित्रे यांच्या कवितेतला हा शब्द शीर्षकस्थानी येऊन अपुरेपणाची कबुली देतो. १९९८ मधील 'सत्या' हे पात्राचे नाव. तरी भित्तिपत्रकावर त्यातून 'सत्य' ऐकू येतेच. १९९९ मध्ये महेश मांजरेकरांच्या चित्रपटाने थेट 'वास्तव' हेच नाव धारण केले. १६ वर्षांत कबुलीची जागा दाव्याने घेतली.

हा दावा चित्रपट पाहण्याआधीच प्रेक्षकाच्या हाती निवाड्याचा निकष देतो. भिकू म्हात्रेची बोली खरी वाटते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु खरे वाटणे ही रचनेचीच निष्पत्ती असते. त्याच चित्रपटातील सत्या-विद्या यांची प्रणयगीते या निकषात बसत नाहीत, म्हणून 'तडजोड' ठरवून ती बाजूला सारली जातात. वस्तुतः, कोठून आला हे ज्याच्याविषयी सांगितलेलेच नाही, अशा माणसाची साध्या संसाराची आस त्यांतूनच व्यक्त होते. तिच्यावाचून त्याच्या शोकांतिकेला अर्थ उरत नाही. 'वास्तवदर्शी' हे विशेषण समीक्षक प्रसिद्धिपत्रकातून उचलतो, तेव्हा तो जाहिरातीचीच पुढली प्रत काढीत असतो.