दूरदर्शनवरील ‘महाभारत’ व मयसभेंतील साक्ष

बी. आर. चोप्रा व रवि चोप्रा यांची ‘महाभारत’ ही हिंदी मालिका दूरदर्शनवरून १९८८ च्या ऑक्टोबरांत सुरू होऊन १९९० च्या जूनमध्यें समाप्त झाली. तिचे एकंदर ९४ भाग झाले. संवाद राही मासूम रझा यांचे होते. पुढें २०२० सालीं साथीमुळें सर्व देश घरांत कोंडला गेला असतां ती पुनः दाखविण्यांत आली. तींतील मयसभेचा भाग प्रस्तुत लेखकानें त्या वेळीं सुमारें तीस वर्षांनीं दुसऱ्यांदा पाहिला, आणि अलीकडे सभापर्व समोर ठेवून तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळीं जें पाहून आनंद झाला होता, तेंच पाहून या वेळीं खेद झाला. अशा विषयाला या त्रैमासिकांत स्थान कशासाठीं, असें कोणी विचारील. उत्तर इतकेंच कीं, येथें प्रश्न नटांच्या गुणदोषांचा नसून साक्षीचा आहे. आणि साक्ष पारखणें हें तर आपलें नित्याचेंच काम.

मालिकेचे गुण नाकारण्याचें कारण नाहीं. रझा यांची भाषा भारदस्त असूनही घरोघर समजली. ‘समय’ यालाच निवेदक करण्याची कल्पना समर्पक होती. द्यूतसभेंत रूपा गांगुली यांनीं उभी केलेली द्रौपदी आजही मन हेलावून सोडते. परंतु त्या द्यूतसभेची पूर्वपीठिका ज्या भागांत रचिली आहे, तोच भाग तिसऱ्या पाहण्यांत टिकत नाहीं.

प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. दुर्योधन मयसभा पाहत हिंडतो, जमीन समजून पाण्यांत पाऊल टाकतो व पडतो. तें पाहून द्रौपदी हसते आणि आंधळ्याचा पुत्र आंधळाच, अशा अर्थाचे शब्द बोलते. पुनीत इस्सर यांच्या दुर्योधनाचा चेहरा त्या क्षणीं पालटतो, आणि पुढील सर्व अनर्थाचें बीज येथें पडलें असें प्रेक्षकाच्या मनावर ठसतें. त्या काळीं प्रस्तुत लेखक शाळेंत संस्कृत शिकवीत असे. परीक्षेंत ‘कौरवपांडवांच्या वैराचीं कारणें सांगा’ या प्रश्नाला अनेक मुलांनीं लिहिलें कीं, द्रौपदीनें तसें म्हटलें नसतें तर युद्धच झालें नसतें. त्या उत्तरांस मीं पूर्ण गुण दिले. ग्रंथ माझ्या कपाटांत होता. तो उघडून पाहण्याची बुद्धि मात्र झाली नाहीं.

आतां ग्रंथ काय सांगतो तें पाहूं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तींत सभापर्वाचें संपादन फ्रँकलिन एजर्टन यांचें आहे. त्यांतील ४३ व्या अध्यायांत वैशंपायन हा प्रसंग स्वतः सांगतो. दुर्योधन पाण्यांत पडतो तेव्हां सेवक हसतात. राजाज्ञेनें त्याला कोरडीं वस्त्रें दिलीं जातात. त्याला तशा स्थितींत पाहून भीम, अर्जुन व नकुल-सहदेव हसतात. येथें द्रौपदीचें नांव नाहीं. ती हसल्याचा उल्लेख नाहीं, मग बोलल्याचा कोठून असणार? त्याच अध्यायांत पुढें दुर्योधन शकुनीपाशीं आपलें दुःख सांगतो, तेव्हां तो रक्षकांच्या हसण्याची तक्रार करितो. द्रौपदीचें नांव तेथेंही येत नाहीं.

तें नांव प्रथम येतें ४६ व्या अध्यायांत, आणि तेंही दुर्योधनाच्याच तोंडून. द्यूताला बापाची संमति मिळवावयाची आहे. अशा वेळीं तो धृतराष्ट्राला सांगतो कीं, मी पडलों तेव्हां अर्जुनासह कृष्ण मला हसला आणि स्त्रियांसह द्रौपदीही हसली. या साक्षीची किंमत किती? वैशंपायनानें ४२ व्या अध्यायाच्या अखेरीस स्पष्ट सांगितलें आहे कीं, कृष्ण द्वारकेस निघून गेल्यावर दुर्योधन व शकुनि हे दोघेच त्या सभेंत मागें राहिले. जो कृष्ण द्वारकेस गेला, तो इंद्रप्रस्थांत कसा हसला? एका नांवाविषयीं साक्षीदार अशा रीतीनें खोटा पडतो. तेव्हां त्याच वाक्यांतील दुसऱ्या नांवाविषयीं तरी सावधगिरी बाळगणें प्राप्त आहे. द्रौपदी हसलीच नाहीं असें सिद्ध होत नाहीं. परंतु ती हसली, याला हितसंबंधी फिर्यादीवांचून दुसरा आधार नाहीं, एवढें सिद्ध होतें.

राहिला त्या कटु वाक्याचा प्रश्न. तें फिर्यादीच्या तोंडींही नाहीं. आणि येथें मौनाला विशेष अर्थ आहे. कारण दुर्योधन बोलत आहे तो प्रत्यक्ष आंधळ्या बापाशीं. त्याला चेतविण्यासाठीं जो कृष्णाच्या हास्याची भर घालूं शकतो, तो अंधत्वावरून केलेली निंदा कानीं पडली असती तर गिळून बसला असता काय? प्रचलित पाठांत एवढें मात्र आढळतें कीं, भीमानें आपणांस ‘धृतराष्ट्रपुत्रा’ अशी हाक मारून हसत दार दाखविलें, असें दुर्योधन सांगतो. त्या संबोधनांत टोमणा असेल. पण तो भीमाचा आहे, आणि त्यांत आंधळेपणाचा उच्चार नाहीं. लोककथनानें त्यांतील ध्वनि उघडा करून तो द्रौपदीच्या मुखीं घातला असावा, असा तर्क करितां येतो; निश्चय नव्हे. मालिकाकारांनींच तो प्रथम रचिला असा आमचा आरोपही नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, कवीला मूळ कथा बदलण्याचा अधिकार आहे. तो आम्हांस मान्य आहे. भासानें ‘ऊरुभंगां’त मरणोन्मुख दुर्योधनाला उदात्त केलें. भट्टनारायणानें ‘वेणीसंहारां’त द्रौपदीच्या मोकळ्या केसांवरून भानुमतीचा टोमणा कल्पिला. पण तो टोमणा आपण रंगभूमीवर ऐकत नाहीं. दासी येऊन भीमाला सांगते, आणि तो कोणाच्या तोंडून आला हें प्रेक्षक विसरत नाहीं. शिवाय त्या भरीनें मूळ अपराधाचा भार एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर जात नाहीं. बदल केला कीं नाहीं, हा प्रश्न गौण होय. बदलानें कोणाचें ओझें कोणावर पडलें, हा मुख्य.

मालिकेंत तें ओझें द्रौपदीवर पडलें आहे. मूळांत दुर्योधनाचें खरें शल्य कोणतें, तें तोच सांगतो. राजसूयांत आलेले नजराणे स्वीकारण्याचें काम त्याच्याकडे होतें. तें धन घेतां घेतां आपला हात चालेनासा झाला, असें तो म्हणतो, आणि कोणत्या राजानें काय आणिलें याची लांबलचक यादी बापापुढें वाचतो. सभेंतील हास्य त्या मत्सराच्या आगींत पडलेली एक काडी आहे. मालिकेनें काडीलाच आग ठरविलें. परिणामीं पुढें द्यूतसभेंत द्रौपदी जेव्हां विचारते कीं, स्वतःला आधीं हरलेल्या धर्मराजाला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय, तेव्हां तो न्यायाचा प्रश्न ऐकतांना प्रेक्षकाच्या मनांत एक कोपरा कुजबुजतो कीं, हिनेंही बोलावयास नको होतें. ज्या प्रश्नापुढें भीष्मही निरुत्तर झाले, त्याची धार अशी आधींच बोथट करून ठेविली आहे.

दोष अधिक लागतो तो माध्यमामुळें. ग्रंथांत वैशंपायन काय सांगतो व दुर्योधन काय सांगतो, हें निराळें ठेवितां येतें. पडद्यावर जें दिसलें तें घडलेंच, असें पाहणारा धरून चालतो. त्यांत निवेदक साक्षात् काळ असल्यावर शंका कोण घेणार? हेंच हास्य दुर्योधन धृतराष्ट्राला सांगत असतां त्याच्या कथनांत दाखविलें असतें, तर नाट्य कमी झालें नसतें व सत्यही राहिलें असतें.

बखरींतील एखादें चटकदार वाक्य समकालीन पत्रांत सांपडत नसेल, तर आपण तें बाजूस ठेवितों. मयसभेंतील वाक्याला मीं तो नियम लाविला नाहीं, कारण तें डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्या वेळचे विद्यार्थी आतां पन्नाशीच्या आसपास आले असतील व आपल्या मुलांस हीच कथा सांगत असतील. दिलेले गुण परत घेतां येत नाहींत. पण त्यांपैकीं कोणाच्या हातीं हा अंक पडला, तर त्यानें सभापर्वाचे ४२ ते ४६ हे पांच अध्याय एकदां वाचावे व आपलें उत्तर आपणच दुरुस्त करावें, एवढी विनंति आहे.