आत्मचरित्र आणि आत्मकथन : संज्ञाभेदाचा पुनर्विचार

प्रास्ताविक :
मराठी साहित्याच्या अध्यापनात ‘आत्मचरित्र’ व ‘आत्मकथन’ या संज्ञा पुष्कळदा पर्यायी म्हणून वापरल्या जातात. भेद सांगितला जातो तेव्हा तो बहुधा दोन निकषांवर आधारलेला असतो. पहिला वयाचा : उत्तरायुष्यात लिहिलेले समग्र जीवनवृत्त ते आत्मचरित्र, तरुण वयात मांडलेला जीवनखंड ते आत्मकथन. दुसरा निकष उघड बोलला जात नाही, गृहीत धरला जातो : दलित व भटक्या-विमुक्त लेखकांचे ते आत्मकथन, इतरांचे ते आत्मचरित्र. हे दोन्ही निकष तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वयाचा निकष :
धोंडो केशव कर्वे (जन्म १८५८) यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तर लक्ष्मण माने (जन्म १९४९) यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये. एवढ्यावरून वयाचा निकष पटण्याजोगा वाटतो. परंतु कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले ते १९१६ मध्ये, आणि पुढे १९६२ पर्यंत ते हयात होते. त्यांच्या जीवनातील एक प्रमुख कार्य या ग्रंथानंतरचे आहे. तेव्हा समग्रता ही आयुष्याची नसून मांडणीची असते, असे म्हणावे लागते.

कथनाचा निकष :
दोन्ही संज्ञांत ‘आत्म’ हे पद समान आहे. भेद आहे तो उत्तरपदात. ‘चरित्र’ घडलेल्या जीवनाकडे निर्देश करते, ‘कथन’ सांगण्याच्या कृतीकडे. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांनाच सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा एकच असूनही त्यांच्यात शिक्षणाने व पांढरपेशा जीवनाने पाडलेले अंतर आहे; ते अंतर हाच या कृतीचा आशय होय. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ बोलतो, हे शीर्षकापासूनच स्पष्ट होते. येथे कथन हे केवळ माध्यम राहत नाही.

जातीचा निकष :
हाच निकष लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ला लावल्यास काय दिसते? आठवणींची सुटी चित्रे, बोलीतील गोष्ट सांगण्याचा सूर आणि स्वतःकडे पाहणारा मिस्कील विनोद यांमुळे ही कृती आत्मकथनाच्या अधिक जवळ जाते. तरीही तिला आत्मचरित्र म्हणताना आपण अडखळत नाही. मग या वर्गीकरणात वाङ्मयीन निकष कोणता उरतो?

संज्ञेचा हा घोळ वरवरचा नाही. ‘स्मृतिचित्रे’वर प्रश्न विचारला जातो तो शैलीचा, ‘बलुतं’वर विचारला जातो तो ‘दाहक सामाजिक वास्तवा’चा. परिणामी दलित लेखकाची कृती दस्तऐवज ठरते आणि तिच्या रचनेचा विचार मागे पडतो. दगडू आणि दया पवार ही योजना कलात्मक निर्णय आहे, हे विद्यार्थ्याच्या ध्यानातच येत नाही. गौरवाच्या शब्दांत केलेली ही उपेक्षाच आहे.

समारोप :
दोन्ही संज्ञा आवश्यक आहेत. त्या एकमेकींत मिसळून टाकू नयेत. मात्र त्यांतील भेद लेखकाच्या जन्मावरून नव्हे, तर संहितेतील निवेदकावरून ठरवला पाहिजे. संज्ञा ही वाचनाची दिशा असते. तिने लेखकाची वेगळी पंगत मांडू नये.