बॅरॅकसमोरचा कॅमेरा : सरकारी वसाहतींच्या चित्रीकरणाचा आढावा

शासनाने किंवा शासकीय मंडळाने बांधलेली, अथवा ताब्यात घेऊन एखाद्या समूहाला राहायला दिलेली घरे म्हणजे सरकारी वसाहत, असा अर्थ घेतला तर महाराष्ट्रात तिचे चार ठळक प्रकार दिसतात: बीडीडी चाळींसारखी कामगारांसाठी बांधलेली घरे, फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावण्या, सरकारी कारखान्यांची क्वार्टर्स आणि म्हाडाच्या सोडतीतून मिळणारे फ्लॅट. यांपैकी शेवटचे तिन्ही प्रकार उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग पट्ट्यात आढळतात. तरीही या पट्ट्यातील वसाहतींचा स्वभाव आणि तेथील सामूहिक जगणे पडद्यावर फारसे आलेले नाही. हे का घडले, आणि वसाहत चित्रित करण्याची जी कला देशात व परदेशात घडत गेली तिच्यातून या पट्ट्याला काय घेता येईल, याचा विचार येथे केला आहे.

या कलेचा एक महत्त्वाचा आरंभबिंदू म्हणजे आर्थर एल्टन आणि एडगर अॅन्स्टी यांचा १९३५चा ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ हा ब्रिटिश माहितीपट. लंडनच्या स्टेपनी भागातील रहिवासी आपापल्या खोलीत उभे राहून, कॅमेऱ्याकडे पाहत ओल, ढेकूण आणि उंदीर यांविषयी स्वतःच्या बोलीत सांगतात, ही त्या काळी नवी गोष्ट होती, कारण तोवर गरिबांविषयी निवेदकच बोलत असे. तथापि चित्रपटाचा खर्च गॅस कंपन्यांच्या संघटनेने केला होता आणि तो पुढे नव्या, सोयीस्कर घरांच्या कौतुकाकडे झुकतो. त्यामुळे रहिवासी बोलतो खरा, परंतु त्याने काय बोलावे याची चौकट आधीच आखलेली असते. मुलाखतींवर उभ्या राहिलेल्या माहितीपटाची ही मर्यादा पुढे अनेक ठिकाणी कायम राहिली.

या मर्यादेतून बाहेर पडण्याचा एक मार्ग फ्रेडरिक वाइजमन यांनी १९९७च्या ‘पब्लिक हाउसिंग’मध्ये दाखवला. शिकागोच्या आयडा बी. वेल्स वसाहतीवरील या सव्वातीन तासांच्या चित्रपटात निवेदन नाही, मुलाखत नाही. घडणारा प्रसंग जसाच्या तसा दीर्घकाळ पाहत राहणे, म्हणजेच निरीक्षणात्मक माहितीपटाची पद्धत, एवढेच त्यात आहे. भाडेकरूंच्या समितीची वयस्क अध्यक्ष वसाहतीच्या कार्यालयाला फोन लावून, इतक्या खोल्या रिकाम्या पडलेल्या असताना एका तरुण आईला घर का मिळत नाही असे विचारत राहते, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. त्या एका फोनमधून सरकारी वसाहतीचे मर्म कळते: येथे घरमालक एखादी व्यक्ती नसून कार्यालय असते, त्यामुळे अर्ज, पावती, नोटीस आणि प्रतीक्षा हे येथील रोजच्या जगण्याचे घटक असतात. ज्या चित्रपटात हे कार्यालय दिसत नाही, त्यात घरे दिसतात, पण ती सरकारी वसाहत आहे हे कळत नाही.

महाराष्ट्रातील चित्रपटांनी चाळ मात्र जवळून पाहिली आहे. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ (१९७०), सई परांजपे यांचा ‘कथा’ (१९८३) आणि जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकावर आधारलेला महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ (२०१०) या तिन्हींत गॅलरी, जिना आणि सामाईक नळ ही केवळ पार्श्वभूमी राहत नाही; माणसांचे संबंध तेथेच जुळतात आणि तुटतात. परंतु चाळीचा मालक कोण, भाडे कोणाला जाते, दुरुस्ती कोणी करायची, हे प्रश्न या परंपरेत क्वचितच मध्यभागी येतात. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील २०७ बीडीडी चाळी १९२०च्या दशकात मुंबई विकास विभागाने, म्हणजे सरकारने, बांधल्या. पडद्यावरील चाळीच्या ठरलेल्या प्रतिमेत हा फरक पुसला जातो आणि सगळ्या चाळी एकसारख्या भासू लागतात.

शासन आणि घर यांच्या संबंधाला थेट भिडण्याचे काम माहितीपटांनी केले. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या चित्रपटात पदपथावरील झोपड्या पाडणारे प्रशासन आणि पाडल्या जागी पुन्हा उभी राहणारी माणसे समोरासमोर येतात. त्यात गाणारे शाहीर विलास घोगरे यांनी, ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या गोळीबारात दहा माणसे मारली गेल्यानंतर, आत्महत्या केली. तेथून सुरू झालेले चित्रण चौदा वर्षे चालले आणि २०११ मध्ये पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. वस्तीचे राजकारण, गाणे आणि दुःख एका भेटीत हाती लागत नाही, त्यासाठी वर्षे द्यावी लागतात, हा या चित्रपटाने घालून दिलेला सर्वांत मोठा धडा आहे. मात्र या परंपरेतही कॅमेरा बहुधा संकटाच्या वेळी पोहोचतो. जेथे बुलडोझर आलेला नाही आणि गोळीबार झालेला नाही, अशा वसाहतीचे साधे दिवस कोणी टिपायचे, हा प्रश्न उरतोच.

उल्हासनगर हा त्या प्रश्नाचा सर्वांत समृद्ध नमुना आहे. दुसऱ्या महायुद्धात येथे उभारलेल्या कल्याण लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हास नदीवरून आजचे नाव मिळाले. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक, बैठ्या बॅरॅकींत अनेक कुटुंबे गोणपाट व चादरींचे आडोसे करून राहू लागली. पुढे १९५४च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायद्याच्या चौकटीत, सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांच्या बदल्यात, येथील जागा रहिवाशांच्या मालकीच्या होत गेल्या. आज एखाद्या उरलेल्या बॅरॅकीसमोर कॅमेरा लावला, तर हा कायदा डोळ्यांना दिसतो: मूळ छपराची एक सरळ रेषा कुठेतरी शिल्लक असते, तिच्या एका टोकाला कोणी दोन मजले चढवलेले असतात, शेजाऱ्याने पत्रा टाकलेला असतो, तिसऱ्याने समोरच्या बाजूला दुकानाचे शटर बसवलेले असते, आणि या सर्वांच्या पत्त्यात मात्र आजही बॅरॅक नंबर आणि रूम नंबर लिहिला जातो. माणसे आजही गल्लीचे नाव सांगण्याआधी ‘कॅम्प तीन’ किंवा ‘कॅम्प पाच’ असे सांगतात. पंचाहत्तर वर्षांचा इतिहास एका स्थिर चौकटीत मावावा, अशी ठिकाणे थोडीच असतात.

तरीही या छावणीला तिचा चित्रपट मिळाला नाही, आणि बंगालशी तुलना केली की ही उणीव अधिक ठळक होते. निमाई घोष यांनी ‘छिन्नमूल’ (१९५०) मध्ये सियालदह स्थानकावरील खरे निर्वासित चित्रित केले. ऋत्विक घटक यांनी ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) मध्ये कोलकात्याच्या कडेची निर्वासित वसाहत नायिका नीताच्या तुटलेल्या चपलेपर्यंत उतरवली. बंगाली निर्वासितांच्या मागे त्यांच्या भाषेचे राज्य, प्रेक्षक आणि चित्रपटधंदा होता. सिंधी भाषकांना स्वतःचे राज्य नव्हते आणि त्यांची भाषा आठव्या अनुसूचीत आली तीही १९६७ मध्ये. ‘अबाणा’ (१९५८) या भारतात तयार झालेल्या सिंधी चित्रपटानंतर ही चित्रपटसृष्टी लहानच राहिली. मराठी आणि हिंदी पडद्यावर सिंधी माणूस बहुधा उच्चाराची लकब असलेला व्यापारी म्हणून येत राहिला. सपना भवनानी यांचा ‘सिंधुस्तान’ (२०१९) स्थलांतराची कहाणी गोंदणाच्या माध्यमातून आस्थेने सांगतो, परंतु त्याचा विषय समाजाची स्मृती हा आहे, वसाहत नव्हे. शिवाय उल्हासनगर केवळ सिंधी कधीच नव्हते: सुभाष टेकडीसारख्या मराठी वस्त्या, जीन्सच्या कारखान्यांत शिवणारे उत्तर भारतीय कारागीर आणि चालिहोच्या चाळीस दिवसांच्या व्रतासाठी झुलेलालच्या मंदिराकडे जाणारी कुटुंबे एकाच परिसरात राहतात, आणि त्यांचे एकत्र असणे हाच येथील खरा चित्रविषय आहे.

अंबरनाथची अडचण वेगळी आहे. आयुधनिर्माणीची वसाहत फाटकाच्या आत असल्याने तेथे परवानगीशिवाय कॅमेरा नेता येत नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या, आणि क्वार्टर्समधील एका पिढीचा मालक रातोरात बदलला. भोंग्याच्या वेळेवर चाललेल्या त्या जीवनाची नोंद करण्यासाठी निवृत्त कामगारांचे घरगुती अल्बम आणि त्यांची सविस्तर कथने हाच व्यवहार्य मार्ग उरतो. बदलापूरला चित्रपटाने नाव दिले खरे, पण श्रीराम राघवन यांच्या ‘बदलापूर’ (२०१५)मध्ये ते शहर मुख्यतः नावातल्या श्लेषासाठी आणि नायकाच्या एकांतासाठी आहे. पहाटेची लोकल गाठणारी, सोसायटीच्या पाण्यासाठी बैठक घेणारी नवी वस्ती त्यात नाही.

या पट्ट्याच्या चित्रणासाठी लागणारी सामग्री पूर्णपणे नव्याने निर्माण करण्याची गरज नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. १९८० आणि १९९०च्या दशकांत लग्ने, मुंजी, जयंत्या आणि उत्सव यांची व्हीएचएस कॅसेटवर जी ‘शूटिंग’ झाली, तिच्यात वरातीमागे बॅरॅकी दिसतात, मांडवाखाली सामाईक अंगण दिसते, जेवणाच्या पंगतीत शेजारी वाढताना दिसतात, आणि कोणत्याही दिग्दर्शकाला मिळाली नसती इतकी मोकळी माणसे दिसतात. ही फीत चुंबकीय असते. ओल आणि बुरशीने ती खराब होते आणि ती चालवणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. उल्हासनगर महानगरपालिकेचे ग्रंथालय, अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपरिषदा आणि येथील महाविद्यालयांचे माध्यमविभाग यांनी या कॅसेटी गोळा करून त्यांची डिजिटल प्रत करावी, प्रत्येक दृश्यातील जागा व वर्ष जाणत्या रहिवाशांकडून नोंदवून घ्यावे, आणि त्याच जागांवर विद्यार्थ्यांनी दरवर्षी एकदा, त्याच चौकटीत, नवे चित्रण करावे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते. आणि ज्यांच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर अशा कॅसेटी पडून आहेत, त्यांनी घर नव्याने बांधायला काढताना त्या भंगारात देऊ नयेत. या तीन शहरांचा चित्रपट आज तरी तेवढाच शिल्लक आहे.