भाषांच्या सीमेवरचा गायक : रेमो फर्नांडिस

गोव्याच्या वाङ्मयेतिहासाची मांडणी आपण भाषावार करतो : मराठी, कोंकणी, पोर्तुगीज. या कप्प्यांत रेमो फर्नांडिस यांना जागा मिळत नाही. इंग्रजीत पदे रचणारा एक पॉप गायक म्हणून त्यांना बाजूस सारणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य आहे काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

रेमो यांचा जन्म १९५३ चा. गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. मुंबईत वास्तुशास्त्राची पदवी घेऊन, युरोप व उत्तर आफ्रिकेत भटकंती करून ते शिवोलीच्या वडिलोपार्जित घरी परतले. १९८४ साली तेथेच 'गोअन क्रेझी' सिद्ध झाली. रचना, गायन, वाद्यवादन, ध्वनिमुद्रण, वेष्टनावरील चित्र, सारे त्यांचेच. कॅसेटीही त्यांनी आपल्या पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचविल्या. हा विक्षिप्तपणा अनेकांना कौतुकाचा वाटला. वस्तुतः त्यामागे एक निश्चित भूमिका होती : आपल्या गावाविषयी, आपल्याच आवाजात, कोणाच्या अनुमतीवाचून बोलावयाचे.

त्यांच्या संगीतात रॉक, लॅटिन ताल आणि गोव्याची लोकगीते एकत्र नांदतात. या मिश्रणाला केवळ पाश्चात्त्य अनुकरण म्हणणारे समीक्षक गोमंतकीय तियात्राकडे दुर्लक्ष करतात. तियात्रात प्रवेशांच्या दरम्यान कथानकाशी संबंध नसलेली 'कांतारां' गायिली जातात. त्यांत चालू राजकारणावर आणि सत्ताधाऱ्यांवर उघड टीका असते. पंतप्रधानांना थेट संबोधणारे रेमोंचे 'हॅलो राजीव गांधी' या परंपरेशेजारी ठेवून पाहावे. त्याची भाषा परकी भासते, पण वृत्ती गावची आहे. मराठी वाचकास येथे आपला शाहीरही आठवेल.

मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. 'पॅक दॅट स्मॅक' (१९८६) या अमली पदार्थांविरुद्धच्या गीतात उपदेशाचा सूर उपरोधावर मात करतो. चित्रपटांनी त्यांना देशव्यापी कीर्ती दिली. तथापि 'बॉम्बे' (१९९५) मधील 'हम्मा हम्मा' घरोघर पोहोचले तेव्हा रेमोंचा कंठ तेवढा उरला, पदकर्ता दिसेनासा झाला. २००७ साली दिल्लीने पद्मश्री देऊन गायकाचा सन्मान केला. पदकर्त्याचे मूल्यमापन मात्र बाकीच राहिले.

त्याचे एक कारण आपल्याकडेही आहे. ज्या वर्षांत रेमोंची महत्त्वाची गीते आली, त्याच वर्षांत गोव्यात राजभाषेचा संघर्ष पेटला होता. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला आणि गोवा घटकराज्य बनला. मराठी की कोंकणी, या वादात आम्ही मराठी समीक्षक इतके गुंतलो की तिसऱ्याच भाषेत कोणी गोमंतकीय जीवन मांडत असेल, ही शक्यता आमच्या ध्यानीमनीही आली नाही. भाषेवरची निष्ठा हा समीक्षकाचा गुण खरा. पण ती कानांवर हात ठेवू लागली, तर प्रदेशाचे वाङ्मय अपुरे ऐकू येते. रेमोंच्या पदांचा चिकित्सक अभ्यास ही त्यांच्यावर केलेली मेहेरबानी ठरणार नाही. आपल्या इतिहासलेखनातील ती एक आवश्यक दुरुस्ती ठरेल.