कर्ट व्हॉनेगट यांची 'हॅरिसन बर्जेरॉन' : उपहास आणि उपरोध

डिस्टोपियन कथेत उपहास आणि उपरोध बहुधा एकत्र नांदतात. उपहासाला निश्चित लक्ष्य असते. उपरोध मात्र उक्त आणि अभिप्रेत यांतील अंतरातून निर्माण होतो. हा भेद नजरेआड झाल्यास कथेचा अर्थच उलटतो. अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगट यांची १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेली 'हॅरिसन बर्जेरॉन' ही कथा या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

कथेचा काळ इ. स. २०८१. घटनादुरुस्त्यांद्वारे सर्वांना समान केले गेले आहे. बुद्धिमान जॉर्जच्या कानात विचारभंग करणारे यंत्र व गळ्यात ४७ पौंडांचे ओझे आहे. सुंदर नर्तकींना मुखवटे चढविले आहेत. उपहास येथे अतिशयोक्तीतून साधतो. निवेदकाचा स्वर मात्र कोरडा, अलिप्त आहे. भयंकर ते नित्याचे म्हणून सांगितले जाते आणि अस्वस्थ होण्याचे काम वाचकावर सोपविले जाते. हाच उपरोध होय.

ही कथा पुष्कळदा समतेवरील हल्ला म्हणून वाचली गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एका अपंग गोल्फपटूस स्पर्धेत गाडी वापरण्याची मुभा दिली, तेव्हा न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात या कथेचा आधार घेतला. वस्तुतः कथेतील राज्यसंस्था सुदृढांवर अडथळे लादते. गोल्फपटूची गाडी अडथळा दूर करते. असे वाचन उपहासापाशीच थांबते.

कथेतील उपरोध बंडखोरालाही सोडत नाही. तुरुंगातून निसटलेला चौदा वर्षांचा हॅरिसन स्वतःला सम्राट घोषित करतो आणि वादकांना सरदारक्या देऊ करतो. त्याच्या मुक्तीच्या कल्पनेत जुनी उतरंडच पुन्हा अवतरते. त्याला गोळी घालणाऱ्या अधिकारी डायना मून ग्लॅम्पर्स यांच्या अंगावर कोणते ओझे आहे, याचा उल्लेख कथेत नाही. बंदूक एकाच हाती असताना समता कसली?

शेवटी मुलाचा मृत्यू दूरचित्रवाणीवर पाहून हेझल रडते. परंतु कशासाठी रडलो, हे तिला आठवत नाही. विशेष म्हणजे हेझलच्या कानात यंत्र नाही. तिचे विस्मरण कोणत्याही कायद्याने लादलेले नाही. उपहास २०८१ च्या शासनावर प्रहार करतो. उपरोध मात्र पडद्यासमोर बसलेल्या प्रेक्षकापर्यंत, म्हणजेच वाचकापर्यंत येऊन पोहोचतो. कथेचे खरे सामर्थ्य या दुसऱ्या प्रवासात आहे.