पापाचे मूळ आणि पापाचा धनी

आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'सायको' (१९६०) हा भयपट आमच्या अनेक वाचकांनी पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नसेल, त्यांच्याही कानांवर त्यातील स्नानगृहातल्या हत्येची गोष्ट आली असेल. आडरस्त्यावरील मोटेल, मागे उंचावर जुने घर, लाजराबुजरा मालक नॉर्मन बेट्स आणि खिडकीत दिसणारी त्याची आई. ही आई दहा वर्षांपूर्वीच मरण पावली असून तिची वस्त्रे लेवून, तिच्या आवाजात बोलून नॉर्मनच खून करीत आला आहे, हे अखेरीस उघड होते.

पुढे १९८३ व १९८६ साली या कथेचे आणखी दोन भाग निघाले. चौथा भाग, 'सायको ४ : द बिगिनिंग', नोव्हेंबर १९९० मध्ये अमेरिकेतील शोटाईम या दूरचित्रवाणी वाहिनीने दाखविला. दिग्दर्शक मिक गॅरिस नवे होते. परंतु पटकथाकार मूळ चित्रपटाचेच जोसेफ स्टेफानो, आणि नॉर्मनच्या भूमिकेत पुन्हा अँथनी पर्किन्स. अशी माणसे एकत्र आल्यावर अपेक्षा वाढणे स्वाभाविक होते. ती पुरी होत नाही. का होत नाही, याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो, कारण हा दोष केवळ कलेचा नाही.

रुग्णालयातून सुटलेला नॉर्मन आता विवाहित आहे. मातृहत्येवरील एका रेडिओ कार्यक्रमाला तो खोट्या नावाने दूरध्वनी करतो आणि निवेदिकेला आपली पूर्वकथा सांगू लागतो. पत्नी गर्भवती आहे. आपल्या रक्तातील विष बाळात उतरेल या भयाने तिला मारण्याचा त्याचा बेत आहे. गतकाळाच्या दृश्यांत आई त्याला जवळ घेते आणि लगेच झिडकारते, मुलीचे कपडे घालावयास लावते, कपाटात कोंडते. शेवटी तो तिला व तिच्या प्रियकराला विष पाजतो.

मूळ चित्रपटात ही सारी हकीकत चार-दोन वाक्यांत येते. आई प्रत्यक्षात कशी होती, हे आपणांस कधीच कळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ तिला हेकट व मुलाला चिकटून राहणारी म्हणतो. परंतु त्याला ही माहिती देणारी 'आई'सुद्धा नॉर्मनच्या मनातलीच! मेलेल्या माणसाच्या तोंडी जिवंत माणसाने घातलेले ते शब्द आहेत. त्या शंकेतच मूळ कलाकृतीचे भय साठलेले आहे. चौथा भाग ती शंका पुसून टाकतो. ऑलिव्हिया हसी या गुणी अभिनेत्रीने आईची भूमिका केली आहे. 'जीझस ऑफ नाझरेथ' (१९७७) मध्ये पवित्र मरियेच्या भूमिकेत त्यांना पाहिलेल्या वाचकांना येथे त्यांना ओळखणे कठीण जाईल. त्या जीव ओतून काम करतात. पटकथा मात्र त्यांना संतापाच्या एका झटक्यातून दुसऱ्यात ढकलत राहते. नॉर्मनच्या प्रत्येक विकृतीला एकेक प्रसंग नेमून दिला, की हिशेब मिटला!

हिचकॉक कॅथलिक कुटुंबातले. लंडनला येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेले. 'आय कन्फेस' (१९५३) या त्यांच्या चित्रपटात खुनी मनुष्य धर्मगुरूपाशी पापनिवेदन करतो. पुढे संशय त्या धर्मगुरूवरच येतो, तरीही तो मौन सोडीत नाही. त्या मौनाला किंमत आहे. चौथ्या 'सायको'त पापनिवेदनाची जागा रेडिओने घेतली आहे. निवेदिका आस्थेने ऐकते, पण क्षमा देणे तिच्या हाती नाही. आणि ऐकणारे तर घरोघरी बसलेले. शिवाय नॉर्मन जे बोलतो त्यात आईने काय केले याचा पाढा मोठा. आपल्या दुःखाचे कारण सांगणे आणि आपल्या पापाची कबुली देणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीसाठी सहानुभूती पुरते, दुसरीसाठी पश्चात्ताप लागतो.

एक प्रसंग मात्र आम्ही मनापासून वाखाणतो. जुन्या घरात नॉर्मन पत्नीवर सुरी उगारतो. ती त्याला विनवते की, बाळ बापासारखेच होईल असे कुठे ठरले आहे? त्याच्या हातून सुरी गळून पडते. जखमांची जंत्री देणाऱ्या या चित्रपटात येथे प्रथमच माणूस स्वतः काही निवडतो. नंतर तो ते घर पेटवून देतो आणि आपण मुक्त झालो असे म्हणतो. येथेच थांबावयास हवे होते. परंतु अखेरीस तळघरातून आईचा आवाज येतो. प्रेक्षकाला एकवार दचकविण्यासाठी चित्रपटाने आपले एकमेव सत्य खर्ची घातले.

बालपणीच्या जखमा वागविणारी माणसे आपल्या धर्मग्रामांतही आहेत. त्यांची व्यथा ऐकली पाहिजे, आणि मुलांना छळणाऱ्या आईबापांना बोल लावण्यातही कचरता कामा नये. परंतु जखम हे नशीब नव्हे. पित्याच्या दुष्कृत्याचा भार पुत्रावर टाकता येणार नाही, असे यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात बजावून ठेवले आहे. पापाचे मूळ दुसऱ्याच्या अंगणात असू शकेल. पण त्याचा धनी कोण, हे ज्याचे त्यालाच सांगावे लागते. सुरी टाकून देणाऱ्या नॉर्मनला ते क्षणभर उमगले होते. त्याची कथा सांगणाऱ्यांना ते उमगले नाही.