'टु' की 'इंग'? – इंग्रजी क्रियारूपांची निवड आणि मराठी कृदन्ते

इंग्रजी वाक्यात एका क्रियापदास जोडून दुसरे क्रियापद आले म्हणजे ते 'टु' लावून योजावे की 'इंग' प्रत्यय लावून, हा प्रश्न मराठी माध्यमातील विद्यार्थ्यास वारंवार अडवितो. शालेय व्याकरणे त्यास सामान्यतः दोन याद्या देतात. 'वाँट', 'होप', 'डिसाइड' यांपुढे पहिले रूप. 'एंजॉय', 'अव्हॉइड', 'फिनिश' यांपुढे दुसरे. दोन्ही रूपांचा अर्थ मात्र 'जाणे', 'करणे' अशा एकाच णे-प्रत्ययान्त रूपाने सांगितला जातो. आमचा आक्षेप याद्यांवर नाही, या अर्थकथनावर आहे. विद्यार्थ्याच्या मातृभाषेत जो भेद जिवंत आहे, तोच त्यामुळे झाकला जातो.

ज्या क्रियापदांपुढे दोन्ही रूपे येतात परंतु अर्थ पालटतो, ती प्रथम पाहू. वज्रेश्वरीस निघालेला यात्रेकरू गणेशपुरीच्या उष्ण कुंडांपाशी 'स्टॉप्ड टु बेद' म्हणजे 'स्नान करायला थांबला'. 'स्टॉप्ड बेदिंग' म्हणजे 'त्याने स्नान करणे थांबविले'. 'रिमेंबर टु मीट' म्हणजे 'भेटायचे लक्षात ठेवणे'. 'रिमेंबर मीटिंग' म्हणजे 'भेटल्याचे आठवणे'. कचेरीच्या पत्रातील 'कळविण्यास खेद वाटतो' हे 'रिग्रेट टु इन्फॉर्म' होय. 'कळविल्याचा पश्चात्ताप होतो' हे 'रिग्रेट इन्फॉर्मिंग'. 'दार उघडण्याचा प्रयत्न करणे' आणि 'दार उघडून पाहणे' यांतील अंतर इंग्रजी 'ट्राय'पुढील दोन रूपांत जसेच्या तसे आढळते.

यांपैकी एकही मराठी वाक्य विद्यार्थ्यास शिकवावे लागत नाही. 'मी त्याला भेटल्याचे लक्षात ठेवीन' असे तो चुकूनही म्हणणार नाही. पुढे करावयाच्या क्रियेसाठी 'भेटायचे', झालेल्या क्रियेसाठी 'भेटल्याचे', ही निवड तो बालपणापासून अचूक करीत आला आहे. ड्वाइट बोलिंजर यांनी १९६८ साली इंग्रजीतील या दोन रूपांचा भेद संकल्पित क्रिया आणि साक्षात क्रिया असा मांडला. भाषेचा इतिहासही त्यास पोषक आहे. 'टु' हा मूळचा दिशावाचक शब्द असून प्राचीन इंग्रजीत त्याच्यापुढे धातुसाधिताचे चतुर्थ्यन्त रूप येई. 'इंग'चे मूळ भाववाचक नामात आहे. मराठीतील 'करायला', 'करण्यास' ही रूपेही चतुर्थीचीच आहेत.

तथापि या सूत्रास सर्वव्यापी मानणे धोक्याचे ठरेल. 'अव्हॉइड', 'सजेस्ट', 'कन्सिडर' यांपुढील क्रिया घडलेली नसते, तरी रूप 'इंग'चे येते. उलट 'मॅनेज्ड टु ओपन' यात दार उघडलेले असूनही रूप 'टु'चे आहे. 'लुक फॉरवर्ड टु' यातील 'टु' तर केवळ शब्दयोगी असल्याने त्यापुढे 'इंग' येते. केवळ अर्थावर विसंबणारा विद्यार्थी तेथे हमखास चुकेल. अशा स्थळी यादीस पर्याय नाही. सूत्र आधी आणि अपवादांची आखूड यादी नंतर, एवढाच क्रम आम्हांस इष्ट वाटतो.

मातृभाषा वर्गाबाहेर ठेवावी, असे म्हणणारा एक पक्ष आहे. संभाषणाच्या सरावापुरते त्याचे म्हणणे मान्य करता येईल. परंतु येथे मराठीचे साहाय्य शब्दास शब्द देण्यासाठी घ्यावयाचे नसून विद्यार्थ्यास आधीच अवगत असलेला भेद दाखवून देण्यासाठी घ्यावयाचे आहे. दादोबा पांडुरंग यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण रचताना इंग्रजी व्याकरणाची चौकट जवळ केली. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त कृदन्तांचा सविस्तर विचार आहे. इंग्रजीच्या आधारे मराठी समजून घेण्याचा तो व्यवहार आता उलट दिशेनेही व्हावयास हवा.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. भिवंडी तालुक्यातील खेड्यात इंग्रजी कानी पडण्याचे प्रसंग थोडे. तेथील मुलास पाठ्यपुस्तक हाच मुख्य आधार. त्या पुस्तकाने 'भेटायचे' आणि 'भेटल्याचे' या दोहोंना 'भेटणे' या एकाच साच्यात कोंबले, तर मुलाच्या वाट्यास केवळ पाठांतर उरते, आणि पाठांतर विसरले की आपणांस भाषाच येत नाही असे तो समजू लागतो. वस्तुतः या निवडीचे मर्म त्यास मराठीतून आधीच अवगत असते. व्याकरणकाराने ते ओळखले पाहिजे.